कशात सारखा? जुन्या स्पोर्ट्स कारचे नवे टायर आणि 'हुबेहूब' या शब्दाची तपासणी



रबर म्हातारं कसं होतं यावर पीएचडी करतेय असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, 'म्हणजे नेमकं काय?' आणि दुसरा, 'माझ्या गाडीचे टायर कधी बदलू?' पहिल्याचं उत्तर ऐकायला फारसं कुणी थांबत नाही. दुसऱ्याचं मात्र वहीत लिहून घेतात.

आज या दोन्हींच्या मधला विषय घेतेय: पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स कारसाठी आज नव्याने बनवले जाणारे टायर. 'आपल्याला काय त्याचं' असं वाटेल. आपल्यापैकी कुणाकडेच फेरारी नाही, माझ्याकडे तर स्कूटीसुद्धा बहिणीची आहे. पण या टायरांबद्दल जो दावा केला जातो, तोच दावा माझ्या पहिल्या वर्षाच्या सेमिनारमध्ये मी केला होता आणि तिथे तोंडघशी पडले होते. तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसणार असाल तर तुमच्याही पहिल्या मसुद्यात तो कुठेतरी असणार.

आधी थोडी पार्श्वभूमी

गाडीचा पत्रा टिकतो, इंजिन पुन्हा बांधता येतं, कातडी सीट शिवून घेता येते. टायर मात्र मरतो. न वापरता ठेवला तरी मरतो. हवेतला ऑक्सिजन रबरात शिरतो, ओझोन भेगा पाडतो, संरक्षणासाठी घातलेली रसायनं हळूहळू पृष्ठभागाकडे सरकून संपत जातात आणि रबर कडक होतं. म्हणून १९६० च्या दशकातली गाडी आज रस्त्यावर आणायची तर तिला नवे टायर लागतातच. पण त्या मापाचे, त्या नक्षीचे टायर नेहमीच्या दुकानात मिळत नाहीत. मग ते मुद्दाम बनवले जातात, आणि त्यांना रिप्रॉडक्शन टायर म्हणतात. आपल्याकडच्या 'रिमोल्ड'शी याची गल्लत करू नका. रिमोल्डमध्ये जुन्याच टायरवर नवा थर चढवतात, इथे अख्खा टायर नवा असतो.

बाजारात याचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिल्यात रूपही जुनं आणि सांगाड्याची रचनाही जुनी. उदाहरणार्थ, जुन्या रेसिंग गाड्यांसाठीचे डनलॉपचे एल-सेक्शन टायर. ते आजही क्रॉस-प्लाय आहेत.

दुसऱ्यात बाहेरची नक्षी आणि बाजूच्या भिंतीवरची अक्षरं त्या काळची, पण आतलं मिश्रण आणि उत्पादनाची पद्धत आजची. पिरेलीची 'कोलेत्सिओने' ही मालिका या जातीची. मिलानमधल्या पिरेली फाउंडेशनच्या संग्रहातली जुनी रेखाटनं आणि कागदपत्रं तिच्यासाठी वापरली जातात. अमेरिकेत चॅटनूगाच्या कोकर टायर कंपनीने तर याच्याही पुढे जाऊन, बाहेरून क्रॉस-प्लाय दिसणारा पण आतून रेडियल असलेला टायर काढला.

तिसऱ्यात कुठल्याच विशिष्ट टायरची नक्कल नसते, फक्त जुन्या काळाचा बाज असतो. फ्रेडेस्टाइनचा 'स्प्रिंट क्लासिक' इथे बसतो. ही डच कंपनी २००९ पासून आपल्या अपोलो टायर्सच्या मालकीची आहे.

माझी टीका मुख्यतः दुसऱ्या प्रकाराच्या दाव्यावर आहे. अशा टायरांची माहिती वाचली तर सार साधारण एकच निघतं: रूप मूळचं, तंत्र आजचं. त्यामुळे गाडीचा मूळ स्वभाव जपला जातो आणि पकड व सुरक्षितता वाढते.

वाक्य किती गोड आहे बघा. आता ते जरा सोलून बघू.

पहिली अडचण: 'मूळ' म्हणजे कुठलं?

जॅग्वार ई-टाइप घ्या. १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली तेव्हा तिला डनलॉपचे आरएस ५ हे क्रॉस-प्लाय टायर होते. पुढे ४.२ लिटर मॉडेलच्या काळात डनलॉपचेच एसपी ४१ रेडियल आले. म्हणजे एकाच गाडीच्या हयातीत टायरची जातच बदलली.

हा फरक किरकोळ नाही. आपल्याकडे टायरवाले 'नायलॉन' आणि 'रेडियल' असे दोन शब्द वापरतात, त्यात हाच भेद दडलेला आहे. क्रॉस-प्लायमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात, त्यामुळे बाजूची भिंत आणि रस्त्याला टेकणारा भाग एकमेकांना ओढतात. रेडियलमध्ये दोरे आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर स्वतंत्र पट्टा असतो. मिशेलिनने १९४६ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि १९४९ मध्ये 'एक्स' हा टायर बाजारात आणला. वळणावर दोन्हींचं वागणं वेगळं असतं. चाक ज्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातंय, त्यांच्यातल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. रेडियल थोड्याच कोनात भरपूर बाजूचं बल देतो. क्रॉस-प्लायला जास्त कोन लागतो, पण तो सुटतो तेव्हा हळूहळू, आधी सूचना देत सुटतो. जुन्या चित्रफितींमध्ये गाड्या वळणावर तिरक्या होऊन वाहत जाताना दिसतात, त्यात चालकाच्या कौशल्याइतकाच टायरचाही हात आहे.

मग ई-टाइपचा 'मूळ स्वभाव' कुठला? १९६१ चा की नंतरचा? यातलं कुठलंही उत्तर निवडलं तरी चालेल. न निवडता पुढे गेलेलं मात्र चालत नाही.

दुसरी अडचण: आतलं मिश्रण मूळचं असूच शकत नाही

इथे कंपन्यांच्या बाजूने बोलायला हवं. जुनी कृती जशीच्या तशी वापरायची म्हटली तरी युरोपात ती वापरता येणार नाही. त्या काळच्या ट्रेडमध्ये रबर मऊ करायला अ‍ॅरोमॅटिक घटक भरपूर असलेली तेलं सर्रास घातली जात. त्यांत कर्करोगकारक बहुचक्री संयुगं असतात. १ जानेवारी २०१० पासून युरोपीय संघाने टायरच्या तेलावर मर्यादा घातली: बेन्झोपायरीन किलोला १ मिलिग्रॅमच्या आत आणि अशा आठ संयुगांची बेरीज किलोला १० मिलिग्रॅमच्या आत. तेल बदललं की मिश्रणाचं ग्लास ट्रान्झिशन तापमान सरकतं. ते सरकलं की ओल्या रस्त्यावरची पकड बदलते, आणि ती सावरायला पॉलिमर आणि भरण बदलावं लागतं. घरात एका पाहुण्यासाठी पलंग हलवला की सगळी खोली हलवावी लागते, तसं.

त्यात सिलिका आलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने काजळीऐवजी सिलिकाचं भरण मोठ्या प्रमाणावर टायरमध्ये आणलं आणि कमी लोळण-रोध व चांगली ओली पकड या दोन गोष्टी एकत्र नांदू लागल्या. हे रबराच्या टॅन डेल्टामध्ये दिसतं. टॅन डेल्टा म्हणजे रबर ताणून सोडल्यावर किती ऊर्जा परत देतं आणि किती गिळतं याचं माप. शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास ते जास्त असेल तर ओल्या रस्त्यावर पकड चांगली, साठ अंशांच्या आसपास कमी असेल तर इंधन कमी लागतं. तापमान आणि वेग इथे एकमेकांच्या जागी चालतात, हे ग्रॉश यांच्या १९६३ च्या रबर-घर्षणाच्या प्रयोगांपासून आपण शिकतोच.

म्हणजे आतून नवा असणं ही सक्ती आहे, आणि बहुतेक बाबतीत ती चांगलीच आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार अशी की 'हुबेहूब' हा शब्द मग फक्त साच्याला लागू होतो, पण वाचणाऱ्याच्या मनात तो अख्ख्या टायरला चिकटतो.

तिसरी अडचण: तुलना कुणाशी?

'स्वभाव तोच, पकड जास्त.' जास्त म्हणजे कुणापेक्षा? मूळ टायरपेक्षा. ठीक. मग मूळ टायर आणा आणि मोजा.

आणि इथेच खरी गोम आहे. तो टायर आता अस्तित्वातच नाही. कुणाच्या गोदामात १९६८ चा न वापरलेला टायर सापडला तरी तो १९६८ चा टायर नाही, तो पाच-सहा दशकं हवेत जळत राहिलेला टायर आहे. त्याची कडकपणाची चाचणी घेतली तर आकडा १९६८ चा मिळणार नाही, साठवणुकीच्या इतिहासाचा मिळेल. त्याच्याशी तुलना करून 'आमचा टायर जास्त पकडतो' म्हणणं म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजोबांना धावायला लावून 'आमचा नातू आजोबांच्या तरुणपणापेक्षा वेगवान' म्हणण्यासारखं आहे.

आजच्या साध्या टायरांना ही अडचण नसते, आणि त्याचं कारण संशोधनाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखं आहे. ओल्या पकडीची युरोपीय चाचणी कुठलाही सुटा आकडा देत नाही. ती एका प्रमाणित संदर्भ टायरशी गुणोत्तर देते. हा टायर ठरलेल्या विनिर्देशानुसार बनवला जातो आणि सगळे त्याच्याशीच तुलना करतात. रस्ता वेगळा, दिवस वेगळा, पाण्याचा थर थोडा वेगळा, तरी गुणोत्तर बऱ्यापैकी टिकतं, कारण शेजारी तोच संदर्भ धावलेला असतो.

जुन्या गाड्यांचे टायर मात्र या व्यवस्थेच्या बाहेर आहेत. १ ऑक्टोबर १९९० च्या आधी पहिली नोंदणी झालेल्या वाहनांसाठीच खास बनवलेल्या टायरांना युरोपीय संघाच्या टायर-लेबलमधून सूट आहे. सूट समजण्यासारखी आहे. वर्षाला मूठभर विकल्या जाणाऱ्या मापासाठी हा सगळा खर्च कोण करणार? पण परिणाम असा की कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त टायरवर ओल्या पकडीची श्रेणी छापलेली असते, आणि ताशी २८० किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या फेरारी डेटोनाच्या टायरवर ती असण्याची सक्ती नाही. तिथे ग्राहकाच्या हाती उरतं ते वर्णन.

इथे मी स्वतः चुकले होते

या लेखाचा पहिला मसुदा मी लॅबमध्ये वाचून दाखवला तेव्हा त्यात एक जोरदार वाक्य होतं: 'पकड वाढली की स्वभाव बदलणारच, म्हणून हा दावा स्वतःशीच विसंगत आहे.' आमच्या सरांनी शांतपणे विचारलं, 'आलेख काढ बरं.'

काढला. आडव्या अक्षावर स्लिप अँगल, उभ्यावर बाजूचं बल. रेषा आधी जवळजवळ सरळ चढते, मग वाकते, शिखर गाठते आणि उतरते. सुरुवातीचा चढ मुख्यतः सांगाडा, पट्टा आणि हवेचा दाब ठरवतात. शिखराची उंची मात्र बरीचशी मिश्रण ठरवतं. म्हणजे चढ तोच ठेवून शिखर उंचावणं तत्त्वतः शक्य आहे. रोजच्या वेगात स्टिअरिंग तसंच वाटेल आणि पावसात ब्रेक मारल्यावर गाडी लवकर थांबेल. दावा विसंगत नाही. तो फक्त तपासलेला दिसत नाही. या दोन गोष्टींमधला फरक मला पीएचडीच्या चौथ्या वर्षीसुद्धा दुसऱ्याने दाखवून द्यावा लागला.

मग टीका थांबवायची का? नाही, ती नेमकी करायची. 'स्वभाव तोच' म्हणायचं असेल तर किमान तीन गोष्टी सांगा: सुरुवातीचा चढ, शिखर किती कोनावर येतं, आणि शिखरानंतर रेषा किती वेगाने कोसळते. तिसरी गोष्ट जिवावरची आहे. जास्त पकडणारा पण एकदम सुटणारा टायर, हळूहळू सुटणाऱ्या टायरवर बेतलेल्या गाडीला लावला तर चालकाला मिळणारी सूचना कमी होते. शिवाय वाढलेलं बल कुठेतरी जातंच: तारांच्या चाकांत, हबमध्ये, सस्पेन्शनच्या सांध्यांत. ते सगळं जुन्या पकडीचा हिशेब धरून घडवलेलं असतं.

कंपन्यांचे कसलेले चाचणी-चालक गाडी चालवून बघतातच, आणि त्यांचं मत मी हलकं मानत नाही. पण कुठला टायर लावलाय हे माहीत असलेल्या माणसाची 'अनुभूती' आणि माहीत नसलेल्याची, यांत फरक पडतो. वर्णनात ही अट सांगितलेली नसेल तर त्या मताचं वजन ठरवता येत नाही.

मग प्रयोग कसा असता?

समजा तुम्हाला हा विषय मिळाला. दोन घटक आहेत: रचना आणि मिश्रण. प्रत्येकाच्या दोन पातळ्या: जुनी आणि नवी. दोन गुणिले दोन, चार खाने.

जुनी रचना–जुनं मिश्रण हा मूळ टायर. जुनी रचना–नवं मिश्रण आणि नवी रचना–नवं मिश्रण हे दोन बाजारात आहेत. चौथा, नवी रचना–जुनं मिश्रण, कुणीच विकत नाही आणि विकणारही नाही. पण फरक रचनेमुळे पडला की मिश्रणामुळे, हे सांगायला तोही लागतो. सगळ्यात मोठं भोक आहे पहिल्या खान्यात. ज्याच्याशी तुलना करायची तोच खाना रिकामा, आणि तरी तुलनेचं वाक्य छापलेलं.

तो खाना भरता येईल का? बऱ्याच अंशी येईल. संग्रहात जुन्या कृती असतील तर प्रयोगशाळेत मिक्सरमध्ये किलो-दोन किलो मिश्रण करता येतं, तेलाबाबत योग्य ती खबरदारी घेऊन. त्याच्या पट्ट्यांवर डीएमए करून टॅन डेल्टाचा वक्र काढा आणि आजच्या मिश्रणाच्या वक्राशेजारी ठेवा. त्या काळच्या प्रतीचं एसबीआर आज मिळेलच असं नाही, ही मर्यादा उघड लिहा. हा पूर्ण टायर नसेल, पण संदर्भ असेल. ताजा, माहीत असलेल्या वयाचा.

माझ्या सेमिनारची गोष्ट

आता सुरुवातीला म्हटलं ते. पहिल्या वर्षी मी रबराच्या पट्ट्या ओव्हनमध्ये ठेवून झटपट म्हातारं करत होते आणि बरीच वर्षं बाहेर वापरलेल्या नमुन्याशी त्यांची तुलना करत होते. एटीआर पद्धतीने वर्णपट घेतले, दोन्ही एकमेकांवर ठेवले तर अगदी जुळे. स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'प्रयोगशाळेतला नमुना प्रत्यक्षातल्या नमुन्यासारखाच आहे.' दोन महिने त्या स्लाइडवर मी खूश होते.

कमिटीतल्या एका मॅडमनी दोनच शब्द विचारले. 'कशात सारखा?'

एटीआर पृष्ठभागाचा जेमतेम मायक्रॉनभर थर बघतं. नंतर पट्टी मध्ये कापून खोलीनुसार कडकपणा मोजला. ओव्हनमधल्या नमुन्याची फक्त साल म्हातारी झाली होती, आत तो जवळजवळ ताजा होता. जास्त तापमानात ऑक्सिजन बाहेरच्या थरातच खर्च होऊन जातो, आत पोचतच नाही. प्रत्यक्षातला नमुना मात्र हळूहळू, आतपर्यंत मुरून म्हातारा झाला होता. मी साच्यावरची नक्षी बघून टायर ओळखला होता. तापमान उतरवून सगळे प्रयोग पुन्हा लावले, त्यात जवळपास आठ महिने गेले.

म्हणून या कंपन्यांवर टीका करताना मला फार उंचावर उभं राहता येत नाही. त्या निदान टायर विकतात. मी तर फक्त एक स्लाइड विकत होते.

आता तुमची पाळी

तुमचा सिनॉप्सिसचा मसुदा उघडा आणि 'सारखा', 'समान', 'सुधारित', 'अधिक चांगला' या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. प्रत्येकाशेजारी चार गोष्टी लिहा: कशात, कुणापेक्षा, तो 'कुणी' आज मोजता येण्याजोगा आहे का, आणि मोजलं कुणी. एखादी जागा रिकामी राहिली तर वाक्य खोडायची गरज नाही, ते लहान करा. माझं वाक्य आता असं आहे: 'वरच्या सुमारे एका मायक्रॉनच्या थरात, या वर्णपटापुरते दोन्ही नमुने जुळतात.' स्लाइडवर ते फारच किरकोळ दिसतं. पण पुढच्या सेमिनारला त्यावर कुणी प्रश्न विचारला नाही.

आणि हो, टायर कधी बदलायचे. बाजूच्या भिंतीवर शेवटी चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. '२३१७' म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. आज घरी गेल्यावर बघून या. टायर गोटा झालेला नसला तरी म्हातारा झालेला असू शकतो.